पहिला आरपीजी निवडताना: आधी लढाई बघा, गोष्ट नंतर

उत्तरायणाला आमच्या दांडिया बाजारातल्या गच्चीवर पेच लागला की घरातलं प्रत्येक माणूस वेगळं वागतं. भाऊ खेंच मारतो. समोरच्याची दोरी टेकली रे टेकली, की दोन्ही हातांनी सपासप ओढतो; पाच सेकंदांत निकाल. आई ढील देते. तिचा पतंग मागे मागे सरकत जातो, दोरी सुटत राहते, ती मान वर करून वाऱ्याचा अंदाज घेत उभी असते आणि बऱ्याच वेळाने समोरचा पतंग कटतो. वहिनीला पतंग उडवण्यात रस नाही. ती फिरकी धरते. भावाच्या निम्म्या पेचांचं श्रेय तिचं असतं, कारण दोरी कधी मोकळी सोडायची आणि कधी गुंडाळायची हे तिला न सांगता कळतं. ‘काप्यो छे!’ मात्र तिघंही सारख्याच जोरात ओरडतात.

रोल-प्लेइंग गेम (थोडक्यात आरपीजी), म्हणजे एक पात्र घेऊन, त्याला घडवत त्याची गोष्ट खेळायचा व्हिडिओ गेम, पहिल्यांदाच खेळू पाहणाऱ्या माणसाला मी आधी हेच विचारते: गच्चीवर तुम्ही काय करता? बडोद्यात हा प्रश्न कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

असं विचारायला एक कारण आहे. आरपीजी सुचवणारे लोक गोष्ट सांगतात. राज्य कसं बुडालं, नायकाची मुलगी कशी हरवली, शेवट कसा डोळ्यांत पाणी आणतो. गोष्ट महत्त्वाची असतेच, मी स्वतः गोष्टीसाठी खेळते. पण 50-60 तासांच्या गेममध्ये तुमचे हात सगळ्यात जास्त वेळ जे काम करतात, ते असतं लढाई. ती अंगाला मानवली नाही, तर तुम्ही तिसऱ्या संध्याकाळी गेम बंद करता आणि त्या सुंदर शेवटापर्यंत कधी पोचतच नाही. माझ्या भाच्याला मी पहिला गेम असाच नावावर भुलून घेऊन दिला होता. सगळ्या याद्यांत वरती असलेला, चित्रासारखा देखणा. पोराने चार दिवस खेळला आणि म्हणाला, ‘‘आत्या, हे माझ्याच्याने होत नाही.’’ पुढे आठ महिने त्याने एकाही आरपीजीला हात लावला नाही. चूक माझी होती. मी त्याला गोष्ट विचारली होती, हात विचारला नव्हता.

पायरी पहिली: निर्णय कुठे घ्यायला आवडतो, डोक्यात की मनगटात?

कोणतीही लढाई घ्या, तिच्यात निर्णय असतोच. फरक आहे तो त्यासाठी मिळणाऱ्या वेळात. काही गेम तुम्हाला हवा तेवढा वेळ देतात, काही अर्धा सेकंद. म्हणून कागद घ्या आणि तीन गोष्टी खऱ्याखऱ्या लिहा.

एक, आजवर तुम्ही मन लावून काय खेळलात? मेंढीकोट, बुद्धिबळ, रमी यांत रमणाऱ्यांचं डोकं एका तऱ्हेने चालतं. टेबल टेनिस, गल्ली क्रिकेट, तीन ताळीचा गरबा यांत रमणाऱ्यांचं दुसऱ्या. दोन, तुम्ही खेळणार कधी? सकाळी ताज्या डोक्याने, की रात्री जेवणं आटोपून? तीन, मध्येच उठावं लागतं का? घरात लहान मूल असेल, दाराची बेल दर वीस मिनिटांनी वाजत असेल, तर जो गेम क्षणात थांबवता येत नाही तो तुमच्यासाठी नाही.

दुसरा प्रश्न मी नंतर घातला, भावामुळे. गच्चीवर खेंच मारणारा माणूस, म्हणून मी त्याला धडाधड तलवार चालवायचा गेम दिला. तो मकरपुरा जीआयडीसीत शिफ्ट करतो. रात्री नऊला घरी येऊन त्याला आणखी धावपळ नको होती. डाव लावून खेळायचा गेम दिला तेव्हा तो रमला. त्यामुळे पतंगाची कसोटी लावा, पण दिवसाच्या कोणत्या वेळी खेळणार तेही विचारा.

पायरी दुसरी: लढाईच्या जाती ओळखा

इथे जरा जास्त थांबते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

हे सगळं आलं फाशांतून. 1974 साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ निघाला. तुम्ही एक पात्र घ्यायचं, त्याची ताकद, चपळाई, अक्कल आकड्यांत मांडायची आणि वार लागला की हुकला हे फासा टाकून ठरवायचं. 1981 मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ यांनी हे संगणकावर लोकप्रिय केलं. त्यांवरून प्रेरणा घेऊन जपानमध्ये 1986 साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला, पाठोपाठ 1987 मध्ये ‘फायनल फँटसी’. फासा टाकायला माणूस वेळ घेतो, म्हणून हे सुरुवातीचे गेम बहुतेक आलटून-पालटून डाव लावायचे होते.

टर्न-बेस्ड. तुमचा डाव, मग शत्रूचा. तुमच्या डावाला तुम्ही चहा करून आलात तरी शत्रू वाट बघत उभा असतो. ढील देणाऱ्यांचं हे घर, आणि माझंही. लांबून हे संथ दिसतं, म्हणून एक लढाई जवळून दाखवते.

गेम ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन 2’, 2017 चा. माझी चार पात्रं, समोर पाच जण. प्रत्येकाला दर डावाला 4 ॲक्शन पॉइंट मिळतात आणि चालणं, वार करणं, मंत्र टाकणं सगळं त्यातूनच खर्च होतं. माझा बेत साधा होता: पाऊस पाडायचा, जमिनीवर पाणी साचवायचं आणि त्यात वीज सोडायची. पाण्यातून वीज सगळीकडे पसरते आणि त्यात उभा असलेला प्रत्येक शत्रू सुन्न होऊन एक डाव गमावतो. पहिल्यांदा केलं तेव्हा वीज पसरली, पण कुणीच सुन्न झालं नाही. का? तर या गेममध्ये प्रत्येकाच्या अंगावर दोन चिलखतं असतात, एक शरीराचं, एक जादूचं. जादूचं चिलखत शिल्लक असेपर्यंत वीज नुसता चटका देते. शिवाय माझाच योद्धा त्याच डबक्यात उभा होता, आणि त्याचं जादूचं चिलखत मात्र संपलेलं होतं. तो सुन्न झाला आणि पाच जण त्याच्यावर तुटून पडले. दुसऱ्यांदा मी आधीचे दोन डाव फक्त त्यांची जादूची चिलखतं उतरवण्यात घालवले, योद्ध्याला पायऱ्यांवर चढवलं आणि मग वीज सोडली. पाचपैकी चार जागच्या जागी थिजले. घड्याळात चाळीस मिनिटं गेली होती आणि मी एकदाही घाईने बटण दाबलं नव्हतं.

हे वाचताना मजा वाटली असेल तर टर्न-बेस्ड घ्या. ‘एका लढाईला चाळीस मिनिटं?’ असं मनात आलं असेल तर पुढे चला. मात्र सगळे टर्न-बेस्ड असे जड नसतात. ‘ड्रॅगन क्वेस्ट 11’ मधली साधी लढाई एक-दोन मिनिटांत आटोपते, तर 2016 साली जपानमध्ये आलेल्या ‘पर्सोना 5’ मध्ये शत्रूच्या कमजोरीवर वार केला की लगेच आणखी एक डाव मिळतो आणि लढाई भराभर पुढे सरकते.

घड्याळ लावलेले डाव. 1991 च्या ‘फायनल फँटसी 4’ ने डावांना घड्याळ जोडलं. प्रत्येक पात्राची वेळ भरत येते, भरली की हुकूम द्यायचा. तुम्ही विचार करत बसलात तर शत्रू थांबत नाही. 1995 चा ‘क्रोनो ट्रिगर’ याच घरातला. नवख्यांना मी तो नेहमी सुचवते. पात्रं तीन, हुकूम थोडे, बरेचसे शत्रू नकाशावर आधीच दिसतात, आणि तो फोनवरही चालतो.

थांबवता येणारी धुमश्चक्री. 1998 च्या ‘बाल्डर्स गेट’ मध्ये लढाई एकसलग चालते, पण स्पेस बार दाबला की सगळं थिजतं. थिजलेल्या चित्रात सहा जणांना सहा हुकूम द्यायचे आणि पुन्हा स्पेस बार. काहींना हे फार आवडतं. मला यात कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही आणि मी इतक्या वेळा थांबवते की ती टर्न-बेस्डच होऊन जाते. गेम बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला असावा: ‘बाल्डर्स गेट 3’ 2023 मध्ये आला तो सरळ टर्न-बेस्ड होऊन, आणि 2021 च्या ‘पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइचस’ मध्ये एक बटण दाबून एका पद्धतीतून दुसरीत जाता येतं. दोन्हींपैकी काय आवडतं तेच कळत नसेल, तर हे बटण असलेला गेम उत्तम.

ॲक्शन. खेंच मारणाऱ्यांचं घर. पण या घरात खोल्या पुष्कळ. ‘डायब्लो’ सारख्या गेममध्ये शत्रू झुंडीने येतात, तुम्ही क्लिक करत सुटता, सोनं आणि शस्त्रं वेचता. ‘स्कायरिम’ (2011) मध्ये तलवार सैलसर फिरते. तिथली खरी मजा भटकण्यात. ‘विचर 3’ (2015) मध्ये लढण्याआधी समोरचा राक्षस कोण आहे हे वाचून तलवारीला योग्य तेल लावण्याला महत्त्व. आणि ‘डार्क सोल्स’ (2011) ची जात तर साफ वेगळी.

‘डार्क सोल्स’ ची सुरुवात बघण्यासारखी आहे. तुरुंगातून सुटून तुम्ही एका मोठ्या दालनात येता आणि वरून एक अवाढव्य राक्षस समोर उडी मारतो. तुमच्या हातात असते तुटक्या तलवारीची मूठ. नवखा माणूस त्याच मुठीने वार करत राहतो आणि मरतो. डाव्या हाताला एक दार उघडं असतं. त्यातून पळून जायचं, पुढे खरं शस्त्र शोधायचं आणि मग वरच्या कठड्यावरून त्याच राक्षसाच्या डोक्यावर उडी घेऊन वार करायचा. पहिल्या दहा मिनिटांतच गेम शिकवतो की पळणं चालतं, मरणं चालतं, न बघता हात चालवणं चालत नाही. म्हणून मी म्हणते, हा गेम फक्त चपळ बोटांचा नाही. माझ्यासारखी सावकाश माणसंही तो खेळू शकतात, पण त्यांना समोरच्याचा हात कधी उठतो आणि कधी पडतो हे पाठ होईपर्यंत मरायची तयारी ठेवावी लागते.

एक सावधगिरी. दिसायला ॲक्शन आणि आत फासा, असेही गेम आहेत. 2002 च्या ‘मोरोविंड’ मध्ये तलवार खेकड्याच्या अंगातून आरपार जाताना दिसते आणि तरी वार हुकतो, कारण आत आकडेमोड चालू असते. त्यात धावून धावून दम संपला असेल तर वार आणखी हुकतात. हे माहीत नसलं की गेम मोडका वाटतो. माहीत असलं की माणूस लढाईआधी चार पावलं चालत जातो, आणि वार लागायला लागतात.

मिश्र जात. 2025 मध्ये फ्रान्समधल्या एका छोट्या स्टुडिओचा ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन 33’ आला. तुमचा डाव निवांत, पण शत्रूच्या डावाला तुम्ही नेमक्या क्षणी बटण दाबून वार चुकवायचा किंवा परतवायचा. आमच्या शेजारची मुलगी नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळते, गेम कधी खेळली नव्हती. मी डोळ्यांनी तलवार बघत होते आणि दर वेळी उशीर करत होते. तिने शत्रूच्या वारांची लय मनात मोजली, दोन सोडून तिसऱ्याला टाळी दिल्यासारखं बटण दाबलं आणि तिसऱ्याच प्रयत्नात वार परतवला. ताल पक्का असलेल्या माणसाने हा गेम जरूर बघावा.

लढाई नकोच असेल तर. तेही आहे. 2019 च्या ‘डिस्को एलिझियम’ मध्ये लढाईची वेगळी यंत्रणाच नाही. 24 कौशल्यं आहेत, ती तुमच्या डोक्यात एकमेकांशी भांडतात, आणि बहुतेक निकाल बोलण्यातून आणि फाशांतून लागतात. मात्र त्यात दहा लाखांहून जास्त इंग्रजी शब्द आहेत. इंग्रजी सावकाश वाचत असाल तर तो दुसरा-तिसरा गेम ठेवा, पहिला नको. 2015 चा ‘अंडरटेल’ छोटा आहे, कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतो, आणि त्यात प्रत्येक शत्रूला न मारता सोडून देता येतं.

पायरी तिसरी: गेमची रचना बघा

लढाईची जात ठरली की चार गोष्टी विचारा. ज्याला माहीत आहे त्याला विचारा, नाहीतर कुणी खेळताना बघा.

जग तुमच्याबरोबर वाढतं का? 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’ मध्ये तुमची लेव्हल, म्हणजे पात्राची पातळी, वाढली की वाटमाऱ्यांचीही वाढते, इतकी की रस्त्यावरचे लुटारू महागडी काचेची चिलखतं घालून फिरतात. कुठेही जाता येतं, पण आपण मोठे झालो असं वाटत नाही. याउलट 2010 च्या ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ मध्ये पहिल्या गावातून सरळ उत्तरेला निघालात तर विषारी गांधीलमाश्या आणि डेथक्लॉ नावाचे राक्षस तुम्हाला उभं राहू देत नाहीत. वीस तासांनी त्याच रस्त्याने मान वर करून जाता, तेव्हाचा आनंद मला फार मोलाचा वाटतो. मला दुसरी तऱ्हा आवडते, पण रस्ता चुकला की वैतागणाऱ्यांनी पहिली घ्यावी.

एकटं की टोळी? टोळी असली की चौघांचं सामान, चौघांची कौशल्यं, चौघांची भांडणं सांभाळावी लागतात. ज्यांना घरचा हिशोब लिहायला आवडतो त्यांना हे आवडतं.

पात्र तुम्ही घडवणार की आयतं मिळणार? ‘विचर 3’ मध्ये तुम्ही राक्षस मारणारा गेराल्टच असता, त्याचा स्वभाव बराचसा ठरलेला. ‘स्कायरिम’ मध्ये तुम्ही कुणीही असता, आणि म्हणून गोष्ट तुम्हाला नावाने ओळखत नाही.

शत्रू दिसतात का, की चालता चालता अचानक पडदा बदलतो? जुन्या जपानी गेममध्ये दर पंधरा-वीस पावलांवर अदृश्य शत्रू अडवतात. ज्यांना वाट शोधताना व्यत्यय सोसत नाही त्यांनी हे आधी विचारलंच पाहिजे.

पायरी चौथी: यंत्र आणि जागा

हे थोडक्यात. ‘बाल्डर्स गेट 3’ ला 150 जीबी मोकळी जागा लागते. 50 एमबीपीएसच्या जोडणीवर तेवढं उतरवायला साधारण सात तास. ‘स्कायरिम’ च्या स्पेशल एडिशनचं 12 जीबीत भागतं. मोठे नवे गेम वेगळं ग्राफिक्स कार्ड मागतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला ‘गेमिंग लॅपटॉप’ म्हणून विकलेल्या मशीनमध्ये ते नव्हतंच, तेव्हा पैसे देण्यापूर्वी कार्डाचं नाव विचारून बिलावर लिहून घ्या. फोनच असेल तर डाव लावायचे गेम घ्या, बोटाने नीट खेळता येतात. ‘फायनल फँटसी’ चे पहिले सहा भाग फोनवर आहेत. ॲक्शनसाठी कंट्रोलर हवाच. ‘बाल्डर्स गेट 3’ सारख्यांना मला माउस बरा वाटतो. आणि पावसाळ्यात वीज जाते तेव्हा शेवटचं सेव्ह किती जुनं आहे हे आठवून पोटात गोळा येतो, म्हणून दर लढाईआधी हाताने सेव्ह करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पायरी पाचवी: विकत घेण्याआधी वीस मिनिटं, घेतल्यावर दोन तास

ट्रेलर बघू नका. कुणीतरी खेळत असलेला गेम बघा, तोही मधला एखादा कंटाळवाणा भाग. मोठ्या राक्षसाची लढाई सगळेच सुंदर करतात. रस्त्यावरच्या तीन लांडग्यांशी लढाई कशी होते ते बघा, कारण ती तुम्हाला दोनशे वेळा करायची आहे. घड्याळ लावून मोजा: एक साधी लढाई किती वेळ चालते, आणि दोन लढायांच्या मध्ये किती वेळ जातो.

स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. हे दोन तास जपून वापरा. पात्राचा चेहरा, केस, जखमेचा व्रण ठरवण्यात नवख्यांचा पाऊण तास जातो आणि लढाई बघायच्या आधीच मुदत संपत येते. चाचणीसाठी तयार पात्र उचला, नाक-डोळे नंतर.

आणि पहिल्यांदा मरता, तेव्हा स्वतःकडे लक्ष द्या. माझ्या लेखी हीच खरी परीक्षा. पडदा काळा झाल्यावर मनात ‘अरे, मी उजवीकडे जायला हवं होतं’ असं आलं आणि बोट आपोआप पुन्हा सुरू करण्याकडे गेलं, तर गेम तुमचा. ‘आता हे सगळं परत?’ असं आलं, तर पैसे परत मागा. त्यात कमीपणा काही नाही.

पायरी सहावी: पात्र घडवणं

पहिल्या पात्राला सगळं येऊ देऊ नका. थोडी तलवार, थोडी जादू, थोडी चोरी असं पात्र दहा तासांनी कशालाच पुरत नाही. एक काम निवडा आणि पॉइंट तिथेच घाला. चुकलं तरी बिघडत नाही: ‘बाल्डर्स गेट 3’ मध्ये विदर्स नावाचं पात्र भेटतं, 100 सोन्याची नाणी घेऊन ते तुमचं पात्र पुन्हा पहिल्यापासून घडवू देतं.

फिरकी धरणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते, कारण नवख्यांना कुणी हे सांगत नाही. स्वतः वार न करता टोळीला उभं ठेवणारं पात्र ही या गेममधली मोठी कला आहे. त्याच गेममधला ‘ब्लेस’ हा मंत्र घ्या. पहिल्याच पातळीवर मिळतो, तीन साथीदारांवर टाकता येतो, आणि त्यांच्या प्रत्येक वाराच्या फाशात चार बाजूंचा आणखी एक फासा मिळवतो. सरासरी अडीचची भर, म्हणजे 20 बाजूंच्या फाशावर वार लागण्याची शक्यता साधारण साडेबारा टक्क्यांनी वर. तिघांच्या प्रत्येक वाराला, मंत्र टिकेपर्यंत. वहिनीने हा हिशोब ऐकला आणि म्हणाली, ‘‘म्हणजे फिरकीच की.’’ तिने पुजारी घेतली आणि अजून बदललेली नाही.

औषधाच्या बाटल्या वापरा. नवखा माणूस त्या शेवटच्या लढाईसाठी साठवतो आणि शेवटी चाळीस बाटल्या शिल्लक राहतात.

पायरी सातवी: अवघडपणा

बहुतेक गेम विचारतात. ‘विचर 3’ मध्ये चार पायऱ्या आहेत आणि मध्येच कधीही बदलता येतात. वरून दुसरीने सुरू करण्याची हौस करू नका. सोपीने सुरू करा, झोप यायला लागली की एक वर चढा. फक्त गोष्टीसाठी शेवटपर्यंत सगळ्यात सोप्यावर खेळलात तरी तो गेम तुम्ही पूर्ण खेळलात, कुणी काही म्हणू दे. ‘डार्क सोल्स’ आणि ‘एल्डन रिंग’ (2022) मात्र विचारत नाहीत. तिथे सोपं करायचे रस्ते गेमच्या आत असतात: लेव्हल वाढवणं, मदतीला कुणाला बोलावणं, लांबून मंत्र मारणं. ते वापरा, त्यासाठीच ठेवलेत.

नेमके गेम विचाराल तर माझ्याकडून एवढं: ढील देणाऱ्यांनी ‘क्रोनो ट्रिगर’ ने सुरू करावं, मग ‘बाल्डर्स गेट 3’. आईने ‘ड्रॅगन क्वेस्ट 11’ घेतला. ती निवृत्त शिक्षिका, इंग्रजीची अडचण नव्हती, आणि दुपारी दोन ते चार ती वेळ तिची असते. खेंच मारणाऱ्यांनी हात आजमावायला आधी पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (2020) खेळावा. तो काटेकोर आरपीजी नाही, पण छोटा आहे, हातात त्रिशूळ आहे, आणि चुकवून वार करणं जमतंय का ते त्यात लगेच कळतं. मग ‘विचर 3’.

माझा भाचा आठ महिन्यांनी परतला तो ‘डार्क सोल्स’ वर, स्वतः निवडून. गेल्या रविवारी सेव-उसळ आणायला मी त्याला हाक मारली तर जागचा हलेना. एकाच राक्षसाकडून अकरा वेळा मेला होता. प्रत्येक वेळी लोळण घ्यायचा आणि उठायच्या आत फटका बसायचा. मी त्याला सामानाचा पडदा उघडायला सांगितलं. अंगावरचं वजन क्षमतेच्या निम्म्याहून थोडं जास्त होतं. या गेममध्ये निम्मं ओलांडलं की लोळण जड होते, पात्र धपकन पडतं आणि सावकाश उठतं. त्याने लोखंडी शिरस्त्राण आणि हातमोजे काढून ठेवले, मोकळ्या जागेत जाऊन दोनदा लोळण घेतली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘आत्या, उसळ तू आण ना. तिखट जास्त सांग.’’